कागदाच्या टोप्या घातलेली ज्वारी

धामणगाव बढ्याच्या बाजारात माझा साळा सखाराम ही गोष्ट सांगणार, अन् मीठमिरची लावून सांगणार. म्हणून त्याच्या आधी मीच लिहून ठेवतो. मला चार बुकांपलीकडं शाळा नाही. हात नांगराला सरावलेला आहे, टाकाला नाही. अक्षर वाकडं पडेल, पण गोष्ट सरळ सांगीन.

शेतकी खात्याचे एक तरुण साहेब मागच्या हिवाळ्यात आमच्या शिवारात आले होते. वासुदेवराव त्यांचं नाव. माझ्या वावरातली पांढरी ज्वारी पाहिली अन् ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभेच राहिले. म्हणाले, "आबा, लोणारच्या अलीकडं आमचं फारम आहे. तिथं आम्ही ज्वारीचं नवं बियाणं तयार करतो आहोत. तुमची कणसं घेऊन एकदा या. आमचंही काम पाहा." ते बोलले इतकंच. मी मात्र गावात सांगितलं, सरकारनं मला बोलावलं. चावडीवर सांगितलं, न्हाव्याच्या ओट्यावर सांगितलं. एक जण म्हणाला, "आबाजी, तुमाले फेटा बांधतीन तिकडं." मी त्याला नाही म्हणालो नाही.

माझ्या ज्वारीचं थोडं सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. दाणा मोत्यासारखा पांढरा अन् टपोरा, कणीस लेकराच्या डोक्याएवढं. हे आपोआप होत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या बिजवाईच्या वावरात दुसऱ्या जातीचा धांडा, म्हणजे ज्वारीचं ताट, घुसतोच. कुठं लाल दाण्याचा, कुठं पिवळ्या, कुठं झिपऱ्या कणसाचा. त्याला आम्ही भेसळ म्हणतो. कणीस भरायला लागलं की मी ओळीओळीनं फिरतो अन् भेसळीच्या प्रत्येक कणसाला चिंधी बांधतो. मग एका सकाळी विळा घ्यायचा, चिंधीवाले धांडे तेवढे कापायचे अन् बैलापुढं टाकायचे. वडिलांनी हेच केलं, मी हेच केलं. आमच्या घरची आणखी एक रीत अशी, की कोणाच्या वावरात पाहुणा म्हणून उतरलो तर सकाळी उठून त्याच्या पिकात एक फेरी मारायची, दिसली भेसळ की काढून द्यायची. फुकटची भाकर खायची नाही.

मार्गशीर्ष लागला तसा मी दमणी, आमची हलकी बैलगाडी, जुंपली. निवडलेली कणसं पासोडीत गुंडाळली. सोबतीला सखाराम.

राजूरचा घाट

आमचा मुलूख सखल, घाटाखालचा. घाट चढून गेलं की हवा बदलते, माणसांचं बोलणंही थोडं बदलतं. सकाळी चढणीला लागलो तेव्हा दोन्ही अंगांना सागाची पानं वाळून कडकड वाजत होती, अन् वरून असा वारा येत होता की बैलांनी कान पाडले. सखाराम धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन कुडकुडत बसला होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "कणसायले पासोडी अन् मले वारा. रस्त्यात मेलो तं माह्या बहिणीले काय सांगसान?"

"सांगीन, कणसं नीट पोचली."

"सांगसान, सांगसान. तुमचा भरोसा नाई."

अर्ध्या घाटात बुलढाण्याहून खाली येणारी मोटार समोरून आली. डावा बैल बुजला अन् दमणी नालीत गेली. चाकाला काही झालं नाही, पण सखाराम कणसांच्या गाठोड्यावर पडला. मी आधी गाठोडं उचललं. हे त्यानं पुढं वाटेत भेटेल त्याला सांगितलं.

बुलढाणं थंड अन् नीटनेटकं. कचेऱ्या फार, वावरं थोडी. तिथं आम्ही थांबलो नाही. चिखलीला धर्मशाळेत पिठलं-भाकर केली. शेजारी एक वाणी उतरला होता. त्यानं माझी कणसं पाहायला मागितली. एक दाणा दाताखाली फोडून म्हणाला, "असा माल मुंबईपावेतो जाईन, पाटील." त्या दिवशी मी सखारामशी चार शब्द गोड बोललो.

लेकीच्या गावी

लोणारपासून कोसभरावर माझी लेक गोदी दिली आहे. आमच्या गावात होती तोवर ती 'मले, तुले' बोलायची. आता तिकडच्या बायांसारखी 'मला, तुला' म्हणते, पण बापाची दमणी दिसली की जीभ आपोआप माहेरी येते. जेवणातही फरक आहे. आमच्याकडं ठेचा शेंगदाण्याच्या तेलात रगडतात, इकडं जवसाची चटणी. ती मला आधी कडू लागली, मग दुसऱ्यांदा मागून घेतली.

गोदीची पोरगी चंद्री. दुधाचे दात पडायला लागलेत एवढी. दुपारी आम्ही उतरलो तशी ती धावत आली, बैलांच्या पायांतून पलीकडं गेली, जू धरून लोंबकळली. मी म्हटलं, पोट्टी चलाख आहे.

संध्याकाळी ओसरीवर जेवायला बसलो. दिवा आत चुलीपाशी होता. चंद्री ताकाचा गडवा घेऊन आली अन् सरळ माझ्या ताटात पाय दिला. ताक माझ्या धोतरावर.

"डोये हायेत का गोट्या?" मी ओरडलो.

ती जागच्या जागी उभी राहिली. रडली नाही. हात पुढं करून भिंत चाचपायला लागली. भिंत उजवीकडं होती अन् ती डावीकडं चाचपत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे काही तरी वेगळं आहे.

गोदीनं येऊन तिला उचललं. "बाबा, तिले दिवेलागणीले दिसत नाई. दिवसा समदं दिसते. ऊन गेलं का आंधार. एकली थेच नाई, आळीत आणिक लेकरं हायेत तशी."

 मी म्हटलं, "काऊन? तिले खाऊ घालत नाई का तुमी?"

"घालतो नं. दोन वेळ भाकर घालतो. तुमचीच पांढरी पेरतो आता आमी. गावात अर्ध्या घरी तीच हाय." हे तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, अन् मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "वैद्य म्हणते, शेळीचं काळीज भाजून द्या. पण घर माळकरी. सासूबाई चुलीपाशी येऊ देतीन का?"

थोड्या वेळानं तिनं माझ्या पाठीशी बसून हळूच विचारलं, "बाबा, तुमी त्या फारमात जाऊन राह्यले नं? लोक म्हणते, थे साहेब लेकरायच्या डोयासाठी ज्वारी बनवून राह्यले. तिची भाकर खाल्ली का सांजचं दिसते म्हणते. मूठभर बियाणं भेटते का पुसान त्यायले?"

मी हसलो. "ज्वारीनं डोये बरे होत असते तं माह्या ज्वारीनं आजपावेतो समद्या वऱ्हाडाले दिसायले लागलं असतं."

गोदी हसली नाही. "पुसून तं पाहा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चंद्रीनंच आम्हाला लोणारचं तळं दाखवलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी असं समजावं, की सपाट माळावरून चालता चालता जमीन एकदम संपते अन् खाली एवढी मोठी गोल कढई दिसते, कडेला जंगल अन् तळाशी हिरवं पाणी. त्या पाण्याला वास येतो. काठावर जो पांढरा खार जमतो तो बाया पापडात घालायला नेतात. सखारामनं कोणाचं ऐकलं नाही, धोतर सोडून त्या पाण्यात बुडी मारली. वर आला तेव्हा अंग खाजवत होता अन् सुकल्यावर धोतर पापडासारखं उभं राहिलं. वर धारेच्या गोड्या पाण्याखाली त्याला परत अंघोळ घालावी लागली. चंद्री पोट धरून हसत होती. उतारावर ती बकरीसारखी पुढं पळे अन् मला सांगे, "आजोबा, इथं पाय दे, तिथं नको." माझा हात धरून तिनं मला उतरवलं अन् चढवलं.

काठावरची देवळं पाहून झाली तरी मला आणखी एक पाहायचं होतं. ती म्हणाली, "घरी चला. ऊन उतरून राह्यलं." मी म्हटलं, थोडा वेळ.  देवळातून बाहेर आलो तर ती पायरीवर बसून होती, दोन्ही हात पायरीला धरून, पाण्याच्या काठावर बसतात तसं. घरापर्यंत मी तिला खांद्यावर आणली. तिनं माझे कान धरले होते.

फारम

त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस बुडता फारमावर पोचलो. काळी भारी जमीन, एक विहीर, कौलारू खोली, गोठा. तिथला बैलांचा अन् कामाचा मुख्य माणूस हसनभाई. माझ्यापेक्षा थोडा लहान, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यानं आमचे बैल सोडले, शेणीच्या आरावर हुरडा भाजला, तिळाची चटणी काढली.

"साहेब मेहकरले गेले, चाचा. सकाळी येते सायकलवर. आज आराम करा."

मी त्याला माझी कणसं दाखवली. त्यानं हातात घेऊन वजन केलं अन् "माशाल्ला" म्हणाला. मग रात्री मला छान झोप लागली.

सकाळी सवयीनं लवकर उठलो. हसनभाई विहिरीवर मोट जुंपायला गेला होता. मी ज्वारीत फिरायला निघालो. एका अंगाला चांगल्या ओळी होत्या, माझ्या ज्वारीसारख्या नाहीत, पण बऱ्या. दुसऱ्या अंगाला पाहिलं तर मला सरकारची लाज वाटली. बारीक धांडे, कुठं वाकलेले, कुठं कणीस झिपरं, कुठं आखूड. अन् त्यांतल्या कित्येक कणसांना खाकी कागदाच्या टोप्या घालून खाली सुतळीनं बांधलेल्या. मी एक टोपी वर करून पाहिली. आत पिवळसर दाणा, अजून पुरता टणक झालेला नाही. दुसरी पाहिली, तीही पिवळी.

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. आम्ही चिंधी बांधतो, हे कागद बांधतात. सरकारी माणसं, चिंध्या कुठून आणतील? साहेबांनी भेसळीवर खुणा करून ठेवल्या, कापायला माणूस मिळाला नसेल. दाणा टणक झाला, गळला, की पुढच्या साली सगळं वावर खराब. उशीर होऊन राहिला होता.

मी दमणीतून विळा आणला. सखाराम दात घासत आला.

"भाऊजी, काय करून राह्यले?"

"भेसळ काढून राह्यलो. साहेब येईपावेतो वावर साफ करून देतो."

"पुसून तं घ्या."

"त्यात काय पुसायचं? खुणा दिसत नाईत का?"

"गोदी घरी पुसत व्हती नं, डोयाच्या ज्वारीचं. थे कोणती हाय काय माईत."

"थे या चांगल्या ओळीत असन. सरकार चांगलंच लावन का भेसळ लावन?"

सखाराम परत दात घासायला लागला. त्याच्यापाशी यावर उत्तर नव्हतं, अन् उत्तर नाही म्हणजे मी बरोबर, असं मी आयुष्यभर समजत आलो. मी कापत गेलो. टोप्या काढून एका जागी नीट रचल्या, सरकारी माल म्हणून. धांडे कणसांसकट गोठ्यात नेऊन टाकले. फारमाचे बैल होते, माझे होते. कोवळा धांडा अन् चिकातलं कणीस, असा चारा बैलांना वर्षातून एकदा मिळतो. ते खात होते अन् मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभा होतो.

हसनभाई विहिरीवरून आला. त्यानं टोप्यांची थप्पी पाहिली, मग गोठ्याकडं पाहिलं. तो ओरडला नाही. धावत जाऊन बैलांच्या तोंडातून धांडे ओढायला लागला. एक बैल सोडेना तर त्याच्या जबड्यात हात घालून त्यानं अर्धं कणीस काढलं. मग खाली बसला अन् ते कणीस फेट्याच्या शेमल्यानं पुसत राहिला.

"गजब केला, चाचा," तो म्हणाला. "जे ठेवायचं होतं थेच कापलं तुमी."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा विळा हातातच होता. तो कुठं ठेवावा सुचेना.

वासुदेवराव आले ते सायकल टेकवतानाच हसत होते, मी आलेला दिसलो म्हणून. हसनभाईनं त्यांना बाजूला नेलं. मी लांबून त्यांची पाठ पाहत होतो. ते रिकाम्या ओळीत गेले, एका बुडख्याशी बसले, उठले, दुसऱ्याशी बसले. परत आले तेव्हा तोंड पुसल्यासारखं कोरडं दिसत होतं. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मला शिवी कशी घ्यायची ते माहीत आहे.

"आबा, तुम्ही चांगल्या मनानं केलंत," ते म्हणाले. "पण काय होतं ते ऐकून घ्या."

मग त्यांनी सांगितलं. सिंदखेडच्या बाजूला डोंगराकडच्या एका घरी त्यांना जुनी पिवळी ज्वारी सापडली. तिच्या दाण्यात डोळ्यांना लागणारं सत्त्व आहे. पांढरीत ते नाही. पण तिचं कणीस बोटाएवढं, वारा आला की आडवी. म्हणून लोकांनी सोडून दिली. साहेबांनी चिमट्यानं तिचा पराग पांढरीच्या फुलावर बसवला. मग साल दर साल त्या संकरातून निवडत आणलं. पिवळा दाणा पाहिजे, कणीस मोठं पाहिजे, धांडा उभा पाहिजे. टोप्या याच्यासाठी, की शेजारच्या ओळीतून वाऱ्यानं दुसरा पराग येऊ नये. नंतर पाखरांपासून राखायला त्या तशाच ठेवल्या.

"दिसायला ती अजून गबाळी आहे," ते म्हणाले. "पण तिची भाकर रोज पोटात गेली तर आम्हाला आशा आहे. पालेभाज्यांतही सत्त्व असतं, काळजात असतं, लाल भोपळ्यात असतं. पण उन्हाळ्यात पाला मिळत नाही अन् काळीज सगळे खात नाहीत. भाकर मात्र सगळे खातात. या भागात सांजेला न दिसणारी लेकरं फार आहेत, आबा. पुढच्या मृगाला आजूबाजूच्या गावांत काही घरांना मूठ मूठ बियाणं देणार होतो."

सखाराम माझ्याकडं पाहत होता. मी मान खाली घातली, तर तोच म्हणाला, "आमची चंद्री हाय, साहेब. यायची नात. तिले दिसत नाई सांजचं."

वासुदेवराव माझ्याकडं वळले. त्यांच्या आवाजात राग असता तर मी वर पाहिलं असतं.

"मागचं थोडं बियाणं डब्यात आहे," ते म्हणाले. "सगळं संपलं नाही. पण या साली जे वाढलं होतं ते गेलं. पुढच्या मृगाला वाटता येणार नाही. मागं जाऊन परत यावं लागेल."

दिवसभर ते अन् हसनभाई गोठ्यातला चारा चाळत बसले. अर्धी चावलेली कणसं, पायाखाली गेलेले दाणे. चिकाचा दाणा उगवत नाही. ज्याचा चीक आटत आला तो कदाचित उगवतो. नखानं दाबून ते मला कळतं. मी जवळ जाऊन बसलो अन् हात पुढं केला.

"नको, आबा," साहेब म्हणाले. "तुम्ही बसा सावलीत."

मी सावलीत बसलो. माझ्या हातात कोणी बियाणं देत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्याकडून मूठभर बिजवाई न्यायला लोक घाटाखालून अन् घाटावरून येतात.

दुपारी साहेबांनी माझी कणसं मागितली. मला ती दाखवायची नव्हती, पण सखारामनं आणली. त्यांनी उलटून पालटून पाहिली, खोटं बोलले नाहीत. "फार सुंदर राखली आहे," म्हणाले. "हिचा धांडा अन् हिचं कणीस मला पुढं उपयोगी पडेल." त्यांनी ती ठेवून घेतली. जिथं फेटा बांधून घ्यायला आलो होतो तिथं ते शब्द ऐकताना मी मान वर केली नाही.

निघायच्या आधी मी म्हणालो, "साहेब, माह्या घरचं विहिरीखालचं वावर घ्या. एक साल म्या पांढरी लावत नाई. तुमची पिवळी लावा. एकलीच राहीन, पराग येणार नाई."

त्यांनी रिकाम्या ओळींकडं पाहिलं. मग म्हणाले, "आबा, रागवू नका. अजून नाही. ती इतकी गबाळी दिसते की तुमचा हात राहणार नाही. तुमची नजरच तशी घडली आहे."

मी रागावलो नाही. खरं होतं ते. मी म्हटलं, "मंग काई तं काम सांगा. म्या असा परत जात नाई."

"अशानं कसं," ते म्हणाले.

"जात नाई म्हटलं नं."

हसनभाई बैलांना पाणी पाजत होता. त्यानं मान वळवून म्हटलं, "पाखरं हाकलायले माणूस भेटत नाई, चाचा. पुढच्या साली कणीस भरन तवा मचाणाच्या माळ्यावर दिवसभर बसा लागन, गोफण घेऊन. बसता का?" त्याचा राग अजून गेला नव्हता. आमच्याकडं पाखरं राखायला लेकरं बसवतात, नाही तर ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला.

"बसतो," मी म्हणालो.

साहेब हसायला लागले, मग माझ्याकडं पाहून थांबले. "खरंच?"

"हाव."

"माळ्यावरून ओळीत उतरायचं नाही. काही दिसलं तर हसनभाईला हाक मारायची. विळा घरी ठेवून यायचं."

मी तिन्ही गोष्टींना हाव म्हणालो. सखाराम दमणीत तोंड फिरवून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. पण हसत होता की काय, ते मी विचारलं नाही.

परत गोदीच्या दारात

वाटेत मी ठरवलं होतं, गोदीला सांगायचं की बियाणं अजून तयार नाही. ते खोटंही नव्हतं. सखाराम म्हणाला, "तुमी नाई सांगितलं तं म्या सांगीन. पोरीले कळू द्या का बियाणं साहेबानं नाई, बापानं घालवलं." असा तो आहे. मी बैलांचा कासरा ओढला.

दिवेलागण झाली होती. चंद्री उंबऱ्याच्या आत बसून होती. दमणीचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "कोण हाय?" मी म्हटलं, "मी हाव." आवाजावरून तिनं ओळखलं, पण उठली नाही.

गोदी बाहेर आली. "पुसलं का, बाबा?"

मी तिला सगळं सांगितलं. टोप्यांचं सांगितलं, बैलांचं सांगितलं. बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. ती जवळ उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

"म्हणजे पुढच्या मृगाले नाई," ती म्हणाली.

"नाई."

"मंग कवा?"

"साहेबायले बी माईत नाई. दोन सालं, तीन. पाखरायनं राहू दिलं तं." मग माळ्यावर बसायचं कबूल केल्याचंही सांगितलं. तोवर काय खाऊ घालायचं ते साहेबांनी सांगितलं होतं, तेही सांगितलं. अंगणातल्या शेवग्याचा पाला इथं शेळ्यांना घालतात, तो पोरीला शिजवून घाल, लाल भोपळा घाल. काळजाचं मी सासूबाईशी बोलतो, म्हणालो. त्या बाईशी आजपर्यंत मी कधी खालच्या आवाजात बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी बोललो. त्या म्हणाल्या, "घरात नाही. शेजारणीच्या चुलीवर करा, मी पाहणार नाही." एवढं पदरात पडलं.

गोदीनं हात धुतले. मला शिव्या द्यायचा तिला हक्क होता. तिनं दिल्या नाहीत, जेवायला वाढलं. चंद्रीला तिनं माझ्या शेजारी बसवलं अन् तिचा हात धरून ताटात भाकरीवर ठेवला. तसं केलं की पोरीला कळतं कुठं काय आहे. मग पुढचं ती चाचपून खाते. मी पाहत होतो. 

सकाळी बैल जुंपले. गोदी दमणीपाशी आली. जवसाची चटणी फडक्यात बांधून दिली.

"माळ्यावर बससान तवा चंद्रीचा बाप भाकर आणून देईन," ती म्हणाली. "जवळच हाय थे. चंद्रीले बी पाठवीन दिवसा." मग तिनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडं पाहिलं नाही. "पण बाबा, वावरात उतरू नका."

मला साहेबांनी तेच म्हटलं होतं, ते मी गिळलं. पण पोरीनं, जिला मी हातात विळा धरायला शिकवलं, तिनं माझ्या तोंडावर मला वावरात उतरू नका म्हटलं. मागं सखाराम बसला होता. त्यानं चटणीचं फडकं मांडीवर घेतलं.

"नाई उतरत," मी म्हणालो, अन् बैलांना हाक दिली.